फ्रेंचच्या बाजूची खुर्ची

फ्रेंच भाषा इंग्रजीपेक्षा कानाला गोड लागते, हे मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा मला फ्रेंचचा एकही शब्द येत नव्हता. आज जे येतात ते एखाद्या क्रेनला पुरतील इतकेच आहेत, आणि ते तसे का, हे पुढे येईलच. मी तसं म्हणालो त्याला कारण एवढंच, की आमच्या कॉलनीतले पंजाबराव सर सकाळी फिरून येताना म्हणाले, "शेखर, जगात ऐकाले सगळ्यात गोड भाषा म्हनशीन त इंग्रजी," आणि माझा तोवर चहा झाला नव्हता. चहा झाला असता तर मी "हो" म्हणालो असतो आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

पंजाबराव सरांनी मलकापुरात अख्खी नोकरी हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात घालवली. मी इतिहासात एम.ए. होऊन एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहायक आहे, म्हणजे इतिहासाशी माझा संबंध जुन्या फायलींपुरता उरला आहे. फ्रेंचचं नाव मी घेतलं ते फक्त इंग्रजीशी तिचं जुनं वाकडं असल्यामुळे. जर्मन म्हणालो असतो तरी चाललं असतं, पण जर्मन गोड आहे असं म्हणायला जीभ धजली नाही.

"एक वाक्य म्हनून दाखव बे," सर म्हणाले. "फक्त एक. मंग बोलू."

"सर, वाक्य येणं आणि गोड लागणं यांचा संबंध काय? मला गाणं येत नाही, म्हणून मी ऐकू नये का?"

"आठ अक्षरं लिहितेत अन् तीन बोलतेत ते लोकं. बाकीचे पाच कोनाच्या घरी जातेत?"

"ती मागे थांबतात. शालीनता म्हणतात त्याला."

हा वाद वर्षानुवर्षं चालला. आमच्या कॉलनीला लागून रेल्वेलाइन आहे आणि तिथल्या बाकावर आम्ही बसायचो. मालगाडी आली की वाद थांबायचा. ज्याचं वाक्य अर्धं राहिलं असेल त्याला गाडी गेल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा हक्क होता. सर या हक्काचा गैरफायदा घेत. गाडी लांबून दिसली की मुद्दाम मोठं वाक्य सुरू करत, म्हणजे ते दोनदा म्हणता येई. जिनिंगचे दिवस असले की हवेत कापसाचे तंतू उडायचे आणि सरांच्या मिशीवर बसायचे. तेवढ्या पांढऱ्या मिशीतून ते एकेक इंग्रजी शब्द गोळीसारखा चघळून दाखवत आणि म्हणत, "आता हे फ्रेंचमदी करून दाखव." मी दाखवत नसे. वादात मी कधी जिंकलो नाही, पण हरलो असंही कधी म्हणालो नाही. आमच्या मैत्रीचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा होता.

मागच्या हिवाळ्यात सरांना लकवा मारला. सकाळी दात घासता घासता उजवा हात सुटला, मग पाय, मग बोलणं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं कळत होतं, फक्त काही म्हणता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर येण्याची वाट बंद आहे. माझी बायको रेणुका घरी आल्यावर म्हणाली, "म्हणजे सर आता फ्रेंच झाले. लिहिलेलं सगळं आत, बोलायचं काही नाही." मग तिनं पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जावं लागतं. यात पर्याय नाही. बिस्किटाचा पुडा, शहाळं किंवा चार केळी घ्यायची, पलंगाशी बसायचं आणि रोग्यासमोरच रोगाविषयी बोलायचं. सरांकडे पहिल्या आठवड्यात इतके पुडे जमले की सिंधूताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, ते परत भेटायला येणाऱ्यांनाच चहाबरोबर द्यायला सुरुवात केली. काही पुडे अशा रीतीनं कॉलनीत दोनदा फिरून आले.

सल्ल्यांची तर गणतीच नाही. पलीकडच्या ओळीत राहणारे देवानंदभाऊ पूर्वी एका औषधाच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे वैद्यकातलं आपल्याला सोडून कोणाला काही कळत नाही असं त्यांचं मत आहे. ते आले, "जयभीम सर" म्हणाले, सरांनी डावा हात उचलला, तो त्यांनी नाडी बघण्यासाठी पकडला आणि सोडलाच नाही.

"कबुतराचं रक्त लावा ताई. गरम गरम. मी दोघायले पाह्यलं, उठून पयत सुटले."

"भाऊ, आमच्या घरात पंचशील म्हनतेत दररोज," सिंधूताई म्हणाल्या. "कबुतर कुठून मारू मी?"

"मारू नोका. दुसऱ्याकून मारून आना."

कोणी जायफळ सुचवलं. कोणी म्हणालं, शंख फुंकायला लावा. शंख फुंकता येत असता तर काय पाहिजे होतं, असं सिंधूताई म्हणाल्या नाहीत, चहा ठेवायला उठून गेल्या. सर हे सगळं ऐकत होते. या माणसानं उभ्या जन्मात चुकीचं विधान दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. आता त्यांच्या उशाशी बसून लोक तासन् तास चुकीची विधानं करत होते.

मग अपेक्षा मॅडम आल्या. बोलण्याचे उपचार करणाऱ्या या मॅडम अकोल्याहून आठवड्यातून एकदा रेल्वेनं येत. वयानं लहान, पण डोळ्यात धाक. त्यांनी सरांना तपासलं आणि आम्हाला बाहेरच्या खोलीत बोलावलं. पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात, त्या म्हणाल्या. या दिवसांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. रोजच्या गप्पा मारा. ज्या विषयावर ते चिडून बोलायचे, तो विषय काढा. वाक्य सुरू करा, अर्धं सोडा आणि थांबा. ते पुरं करतील. कितीही अवघड वाटलं तरी थांबा.

चिडायचे कशावर, असं त्यांनी विचारलं तेव्हा सिंधूताईंनी माझ्याकडे बोट केलं.

इथं आमच्या मुलुखातली एक रीत सांगायला हवी. बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं तर ते पुरं करून देणं ही आमच्याकडे माणुसकी समजतात. समोरचा म्हणाला "काल बाजारात", की आपण म्हणायचं "गेलते". तो म्हणतो "हाव, अन् तिथं", आपण म्हणायचं "गर्दी". असं दोघं मिळून एक वाक्य घरी पोचवतात. एकट्याला वाक्य पुरं करायला लावणं म्हणजे पाहुण्याला स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घे म्हणण्यासारखं आहे. त्यामुळे मॅडमचा उपाय साधा दिसत असला तरी आमच्या गावात तो कबुतराच्या रक्तापेक्षा अवघड होता.

पहिल्याच दिवशी मी सरांजवळ बसून म्हणालो, "सर, तुम्हाला सकाळी लागतो तो..." आणि थांबलो. सरांचे ओठ हलायला लागले. कपाळावर आठी आली.

"चहा," सिंधूताई आतून म्हणाल्या.

मॅडम त्यांच्यावर रागावल्या. ताईंनी मान खाली घातली. "सवय हाये वं माय," त्या म्हणाल्या. "ते 'च' म्हनाच्या आंदी चहा पुढं ठेवला मी जलमभर."

मी मात्र ठरवलं, की चहापाण्याची वाक्यं सोडून सरळ मुद्द्याला हात घालायचा. सर मला वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत होते. एक वाक्य म्हणून दाखव. मी फ्रेंचमधून एक नीट वाक्य म्हटलं, तर या माणसाला गप्प राहवणार नाही याची मला खात्री होती. लकवा झाला म्हणून काय झालं, अहंकार शाबूत होता.

मोबाइलवर भाषा शिकवणारं ॲप घेतलं. त्यातली बाई फार गोड बोलायची, पण विषयांची निवड वाईट. पंधरवडाभर तिनं मला शिकवलं, की मुलगा सफरचंद खातो. मुलगी सफरचंद खाते. स्त्री सफरचंद खात नाही. का खात नाही हे शिकवायच्या आधीच आमच्या भागातलं नेट गेलं. मी सरांकडे जाऊन ते सफरचंदाचं वाक्य पूर्ण आत्मविश्वासानं म्हटलं. सरांच्या ओठाचा डावा कोपरा हलला आणि नजर माझ्याकडे वळली. मॅडमनी त्याची "प्रतिसाद" म्हणून नोंद घेतली. मी ती नजर ओळखत होतो. सातवीच्या पोरानं चुकीचा काळ वापरला की सर असंच बघायचे. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी दुसऱ्याच्याच फाटकातून आत शिरलो.

म्हणजे उपाय लागू पडत होता. फक्त औषध कमी पडत होतं. खरा, जिवंत फ्रेंच बोलणारा माणूस हवा होता. बुलढाणा जिल्ह्यात तो शोधायचा म्हणजे काय, हे ज्यानं शोधलं त्यालाच कळेल. मी चिखली, खामगाव, जिथं जिथं ओळख होती तिथं फोन केले. एक जण म्हणाला, फ्रेंच नाही, पण कानडी येणारा आहे, चालेल का. शेवटी देवानंदभाऊंनीच पत्ता आणला. धामणगाव बढ्याचा सहदेव नावाचा माणूस अल्जेरियात राहून आला होता. तिकडे बांधकामावर क्रेन चालवायचा, आणि तिकडे म्हणे साहेब लोक फ्रेंचच बोलतात.

धामणगाव बढ्याला जायला मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं. सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसानं असं करायला नको होतं. साहेबांनी मला बोलावलं.

"फ्रेंच शिकणार? कोणत्या योजनेखाली?"

"योजना नाही साहेब. वैयक्तिक आहे."

"परकीय भाषा वैयक्तिक कशी असेल?" त्यांनी शांतपणे विचारलं, आणि अर्ज मार्गदर्शनासाठी वर पाठवला. वरून विचारणा आली, की सदर कर्मचाऱ्याच्या परदेशगमनाचं प्रयोजन काय. धामणगाव बढे हे परदेशात येत नसून मोताळा तालुक्यात येतं, असा खुलासा मी सविनय सादर केला. त्यावर अजून विचार चालू आहे. मी रविवारी गेलो.

सहदेव बाजेवर बसून तूर निवडत होता. अल्जेरियाचं नाव काढताच त्यानं सूप बाजूला ठेवलं. आजवर गावात त्याला त्या देशाविषयी कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"पुरी भाषा येते मले," तो म्हणाला. "काय पाहिजे तुमाले?"

"काहीतरी म्हणून दाखवा."

तो उभा राहिला, हात वर केले आणि अंगणाच्या मधोमध एक मोठं अदृश्य ओझं टांगलेलं असावं तसा बघत म्हणाला, "आतांस्याँ. मोंते, मोंते. आ गोश. दूसमाँ... दूसमाँ... देसांदे. आँकोर. आरेते." मग अर्थ सांगितला. सांभाळून. वर घे, वर घे. डावीकडं. हळू, हळू. खाली. अजून. थांब.

पुरी भाषा एवढीच होती. मी विचारलं, जेवलात का याला काय म्हणतात? तो म्हणाला, क्रेनवर असं कोणी विचारत नाही.

पण खरं सांगतो, ऐकायला ते फार सुंदर होतं. लोखंडाचे पाच-सहा टन हवेतून खाली उतरवताना माणूस इतका मऊ बोलत असेल तर फ्रेंचविषयी मी चहाआधी केलेलं विधान बरोबरच होतं. मी ते सगळं पाठ केलं. परत येताना बसमध्ये "दूसमाँ, दूसमाँ" म्हणत होतो, तर शेजारच्या बाईनं आपली पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणून दाखवलं. सिंधूताई तेव्हा त्यांना उशीला टेकवून बसवत होत्या. मी अर्थ सांगितला नाही. "दूसमाँ... दूसमाँ... आँकोर..." सरांनी डोळे माझ्यावर रोखले. घशातून काहीतरी आवाज आला. तो शब्द नव्हता, पण शब्दाच्या दारापर्यंत आलेला होता. मी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे थांबलो. ताईही थांबल्या, पदर दातात धरून. मग बाहेरून देवानंदभाऊंचा आवाज आला, "काय म्हनते पेशंट?" आणि दारातलं ते जे होतं ते परत आत गेलं.

इथं मी शहाणपणा करायला हवा होता. मी योजना केली. माझ्या तोंडून एवढा परिणाम होतो तर खुद्द सहदेवला आणलं तर काय होईल, असा मी विचार केला. येत्या रविवारी त्याला बोलावलं, आणि हे गुपित ठेवा असं देवानंदभाऊंना सांगितलं. त्यांनी ते प्रत्येक घरी जाऊन गुपित म्हणूनच सांगितलं.

रविवारी सरांच्या घरी उभं राहायला जागा नव्हती. सगळे भेटायला आले होते, त्यामुळे कोणाला जा म्हणता येईना. बिस्किटांचे पुडे खिडकीत रचले होते. सहदेव इस्त्रीचा सदरा घालून आला होता. सरांना सिंधूताईंनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली उशांना टेकवून बसवलं होतं. कोणत्याही समारंभाच्या अध्यक्षासारखे ते दिसत होते. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना सगळं पसंत आहे.

सहदेवनं सुरुवात केली. हात वर केले, पंख्याकडे बघत अदृश्य ओझं उचललं, डावीकडे नेलं, सगळ्यांच्या डोक्यावरून फिरवलं. खाली उतरवलं तेव्हा तिथं बसलेले दोघं खरोखरच सरकले. टाळ्या पडल्या. मग मी पुढे झालो आणि खास तयार केलेलं वाक्य टाकलं.

"तर मंडळी, एवढं ऐकल्यावरही आमचे सर म्हणणार, की जगातली सगळ्यात गोड भाषा म्हणजे..."

आणि मी थांबलो.

"इंग्रजी," देवानंदभाऊ म्हणाले.

"इंग्रजी काहाची गोड?" सहदेव म्हणाला. "इंग्रजीत साहेब लोकं शिव्या देतेत. फ्रेंचवाल्यानं शिवी दिली तरी पाठीवर हात फिरवल्यावानी वाटते."

"मंग फ्रेंचनं नोकरी लागन काय पोरायले?"

"नोकरीचं कोन बोलून राह्यलं? गोडीचं बोला."

"गोडीच पाह्यची त आपली वऱ्हाडी काय वाईट हाये?"

"तिले कोन इचारते बापा पुन्याले."

खोलीचे दोन तट पडले. मी इंग्रजीवाल्यांना उत्तर देत होतो. उत्तर देताना मला बरंच सुचत होतं, आणि इतके लोक ऐकत असल्यानं जरा जास्तच सुचत होतं. इंग्रजी ही घाईत असलेल्या माणसाची भाषा आहे आणि फ्रेंच ही वेळ असलेल्या माणसाची, असं मी म्हणालो तेव्हा दोघा-तिघांनी मान डोलावली. मी ते पुन्हा म्हणालो.

सिंधूताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"बोलले," त्या म्हणाल्या.

कोणी ऐकलं नाही. त्यांनी ट्रे खाली, जमिनीवर ठेवला. कप एकमेकांवर वाजले.

"ते बोलले," त्या म्हणाल्या. "आत्ता. मी तोंड पाह्यलं त्यायचं. अखा शब्द होता."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांचं तोंड अजून थोडं उघडं होतं आणि कपाळ घामानं भिजलं होतं.

"काय म्हनले?" देवानंदभाऊंनी विचारलं.

"मले ऐकू नाई आलं," ताई म्हणाल्या. "तुमी बोलून राह्यलते."

मग सगळे पुढे सरकले. बोला सर. अजून एकदा सर. हाव सर, म्हना, घाबरू नोका. पहिल्या बाकावरच्या भित्र्या पोराला सर जसं म्हणत, तसं आता त्यांचेच जुने विद्यार्थी त्यांना म्हणत होते. सरांनी एकेकाकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे. मग मान भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटले.

लोक चप्पला घालताना कुजबुजत होते. तो शब्द इंग्रजीच असणार, असं एकाचं म्हणणं होतं. दुसरा म्हणाला, आजारी माणूस आपल्या बोलीतच बोलतो. फाटकापर्यंत त्यांचा वाद चांगला रंगला होता. सहदेव जाताना माझ्याजवळ थांबला. "मी उगाच आलो काय?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. तो शब्द गेला तेव्हा त्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज माझा होता, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर सरांच्या ओठांची हालचालही थांबली. मॅडम आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोणावर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. माणूस एकदा खजील झाला की प्रयत्न सोडतो, एवढंच म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांचं येणं बंद झालं. आता रोजची काळजी घ्या, असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य दवाखान्यातली माणसं कधी सांगतात, ते कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.

मला एकच गोष्ट करायची राहिली होती. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सरांचा डावा हात हातात घेतला.

"सर, तुमचं बरोबर होतं. इंग्रजीच गोड आहे. मी हरलो."

मला वाटलं होतं, ते हसतील. निदान डाव्या कोपऱ्यातून. सरांनी हात काढून घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसण्यासाठी त्यांनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला गेला नाही. मग त्यांनी डाव्या हातानं मला जा अशी खूण केली. दोनदा केली.

सिंधूताई फाटकापर्यंत आल्या.

"भाऊ, तुमी हारू नोका," त्या म्हणाल्या.

"मी त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"मले समजते." त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "सगळे आता त्यायचं ऐकतेत. देवानंदभाऊ हाव म्हनतेत, पोरं हाव म्हनतेत, मी बी हाव म्हनतो. तुमी एकलेच भांडत होते. तुमी बी हारले त त्यायले समजून जाते ना, का आपलं काई खरं नाई."

घरी येऊन मी रेणुकाला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग भांडा की. पण त्यांच्या बाजूनं कोण बोलणार?"

तेव्हापासून मी रोज ऑफिस सुटलं की तिकडे जातो. ताईंनी पलंगाच्या दोन्ही अंगांना एकेक खुर्ची ठेवली आहे. डावीकडची फ्रेंचची, उजवीकडची इंग्रजीची. मी आधी डावीकडे बसून माझी बाजू मांडतो. मग उठतो, पलंगाला वळसा घालतो आणि उजवीकडे बसून सरांची मांडतो. हे दिसायला किती मूर्खपणाचं दिसतं याची मला कल्पना आहे. कॉलनीतल्या पोरांनी खिडकीतून पाहिलं आहे आणि माझ्या कार्यालयातही ते कळलं आहे. साहेबांनी मध्यंतरी विचारलं, की आपली तब्येत ठीक आहे ना. मी लेखी विचारा म्हणालो.

पहिले काही दिवस सर भिंतीकडे तोंड करूनच होते. एक दिवस मी इंग्रजीच्या खुर्चीत जरा कंटाळून काहीतरी गुळमुळीत बोललो, तर पलंगाच्या लोखंडी कडेवर टक असा आवाज झाला. सरांचं डावं बोट होतं. मान भिंतीकडेच. मी तो मुद्दा पुन्हा मांडला. पुन्हा टक. तिसऱ्यांदा नीट मांडला तेव्हा बोट थांबलं. फ्रेंचच्या बाजूला मी कितीही वाईट बोललो तरी ते बोट वाजत नाही. तिकडचं त्यांना चालतं.

परवा मात्र माझे मुद्दे संपले. इंग्रजीच्या खुर्चीत बसलो आणि काही सुचेना. बोट वाजायला लागलं, थांबेना. मग मला सरांच्या लहानपणची एक जुनी गोष्ट आठवली. सरांनी ती मला एकदाच सांगितली होती, आणि वादातला मुद्दा म्हणून नव्हे. मी त्यांच्याच बोलीत, जमेल तशी ती सांगू लागलो.

"आमच्या गावाले, उंद्रीले, शाळेत रेडिओ होता. त्याच्यावर इंग्रजी बातम्या लागत. मी बाहेर वट्ट्यावर बसून ऐको. एक शब्द समजे नाई. पन तो बातम्यावाला कोनावर वरडे नाई. किती बी मोठी गोष्ट असो, सावकाश सांगे. मले वाटे, ही भाषा ज्याले येते त्याच्यावर बी कोनी वरडत नसंन. म्हनून गोड लागे."

बोट थांबलं. सरांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी पाहिलं. मी थांबलो. दारात सिंधूताई उभ्या होत्या, त्याही थांबल्या. मागे देवानंदभाऊ बिस्किटाचा पुडा घेऊन आले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि ताईंनी न बघता त्यांच्यासमोर हात आडवा धरला. आम्ही सगळे थांबलो. सरांचे ओठ मिटलेले होते. ते मिटलेलेच राहिले.

बाहेर अंधारून आलं. ताईंनी दिवा लावला.

फ्रेंचकडे त्याला उत्तर नव्हतं. पण हरायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी उठलो, पलंगाला वळसा घालून समोरच्या, फ्रेंचच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. आवाज मात्र चढा ठेवला होता.